शनिवारचा वर्ग आणि अडकणारा लॅपटॉप

आमच्या नातेवाइकांची ठाम समजूत आहे की मी कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ आहे. कारण एवढंच, की माझं ऑफिस शहराच्या पश्चिमेकडच्या काचेच्या इमारतींपैकी एकीत आहे. त्या इमारतीत मी लोकांच्या रजा, बढत्या आणि रुसवेफुगवे सांभाळते, हे सांगून माझं तोंड दुखलं. कुणी ऐकून घेत नाही. हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये प्रिंटर रुसला, फोनचा आवाज गेला किंवा टीव्ही एकाच तेलुगू चॅनलवर ठाण मांडून बसला, की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. त्यामुळे आईचा लॅपटॉप अडकायला लागला तेव्हा ते लोढणं कुणाच्या गळ्यात येणार, हे वेगळं सांगायला नको.

आई निवृत्त शिक्षिका. हैदराबादच्या एका मराठी शाळेत तिने जन्म काढला. तिच्या डोळ्यांदेखत शाळेचे वर्ग रोडावत गेले, कारण तिच्याकडे शिकलेल्यांनीच आपली मुलं इंग्रजी शाळांत घातली. त्यात मीही आले, पण तो विषय आमच्या घरी जेवताना काढायचा नाही असा अलिखित करार आहे. करोनाच्या बंदीत तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोन करून विचारलं, "बाई, माझ्या मुलीला जरा वाचायला शिकवता का? मराठी बोलते, पण वाचता येत नाही." आईला तेवढं निमित्त पुरलं. एकीची चार झाली, चारांची वर्गभर झाली, आणि बंदी उठली तरी शनिवार सकाळचा वर्ग काही उठला नाही. मुलं शहराच्या चारी दिशांना राहणारी, त्यामुळे लॅपटॉपशिवाय हा वर्ग भरणं शक्यच नव्हतं.

ही मुलं मराठी फडाफडा बोलतात. म्हणजे आमची मराठी, जिच्यात 'हौ' आणि 'नक्को' जागोजागी आणि राग आला की मधेच तेलुगू. शाळेत हिंदी असलेल्यांना अक्षरंही ओळखू येतात. पण मराठीचं सबंध वाक्य समोर आलं, की त्यांची गाडी पहिल्याच 'ळ'पाशी अडते. त्यात इतर मुलं ऐकत असतात, पडद्याच्या कडेला एखादी आई नाहीतर आजोबाही कान लावून बसलेले असतात. वाचताना चुकायचं ते साऱ्या खानदानासमोर.

गोष्टीची चित्रं सोडली तर आईला पडद्यावर काही लिहिणं, दाखवणं वगैरे मान्य नाही. तिच्याकडे एक हातभर लांबीचा काळा फळा आहे. त्यावर ती खडूने एक वाक्य लिहिते, फळा दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरते आणि एकेकाला वाचायला सांगते. शनिवारी ती इस्त्रीची साडी नेसते. घरातल्या घरात, कमरेखाली कुणाला काही दिसत नसताना, अगदी निऱ्या सारख्या करून. बाबा म्हणतात, लग्नाला जाताना एवढा वेळ लावत नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस तिच्या दृष्टीने शनिवारची तयारी असते, आणि गुडघ्यांची तक्रार फक्त रविवारी असते.

यंदा जानेवारीपासून लॅपटॉप कुरकुरायला लागला. वर्ग सुरू होताना बरा चाले. मग हळूहळू त्याला धाप लागायची. आतला पंखा घरघर करायचा, गोष्टीचं चित्र उघडायला घ्यावं तर निळं वर्तुळ फिरत बसायचं, आणि वर्गाच्या उत्तरार्धात मुलंच अडकायची. एखादा मुलगा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजायचा. आई बिचारी फळा धरून, "बाळा, ऐकू येतंय का? बाळा?" करत राहायची. पुष्कळ वेळाने तो मुलगा जिवंत होई आणि म्हणे, "आजी, मी वाचलो की! तुम्हाला ऐकू नाही आलं?" मग आई खजील होऊन म्हणे, "हो का? शाबास. माझ्याच मशीनची चूक." आणि पुढच्या मुलाकडे वळे.

एका शनिवारी वर्ग संपल्यावर ती लॅपटॉप मिटून तशीच बसून राहिली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "पाडव्यापर्यंत ओढते. मग बंद करते हे."

"काय बंद करतेस?"

"वर्ग. मुलं वाचतात, मला ऐकू येत नाही. ताटकळत बसतात बिचारी. मशीन म्हातारं, मीही म्हातारी. कुठंतरी थांबलं पाहिजे की."

"अगं, लॅपटॉप बिघडलाय, तू नाही."

"काय की." ती म्हणाली. "मला तर हल्ली वाटतं, मीच हळू झाले."

मला रडूच आलं. आईला कधी हळू झालेली मी पाहिलेलंच नाही. रागही आला, पण राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी तो लॅपटॉपवर काढायचं ठरवलं. पाडव्याच्या आत हे यंत्र पळायला लागलं नाही तर आई वर्ग बंद करणार, आणि एकदा तिने बंद म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही.

पहिल्यांदा तो पिशवीत घालून कोठीच्या बाजारात गेले. दुकानदाराने लॅपटॉप उघडला, बघितला, मिटला आणि माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "मॅडम, इसमें दम नई रहा. नया लेलो ना, काइकू परेशान होरे?"

"भाईसाब, ये चार साल पुराना भी नई है."

"वोईच तो बोलरूं. चार साल में तो बच्चे इस्कूल जाने लगते."

या युक्तिवादाचा लॅपटॉपशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. पण नवा घ्यायचा म्हटलं तर आई वर्ग कालच बंद करील हे मला ठाऊक होतं. "माझ्यासाठी एवढा खर्च?" हे तिचं वाक्य आमच्या घरातल्या भिंतींनाही पाठ आहे. मी पिशवी उचलली, तिथेच एका गाडीवर उस्मानिया बिस्किटं घेतली आणि घरी आले. तज्ज्ञ म्हणवून घ्यायचंच आहे, तर निदान एकदा तज्ज्ञ व्हावं, असं मनाशी म्हटलं.

मग मी वाचायला बसले. मला कळलं ते असं. आईच्या लॅपटॉपमध्ये जुन्या काळची फिरती तबकडी नाही, एसएसडी आहे, म्हणजे सगळं चिपांवर साठवणारा ड्राइव्ह. या ड्राइव्हच्या पोटात त्याचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो म्हणजे फर्मवेअर. कुठली फाइल कुठे ठेवायची, जुनी जागा कधी साफ करायची, हे सगळं तो बघतो. घरातल्या स्वयंपाकघराची मांडणी ज्या बाईच्या डोक्यात असते, तिच्यासारखं त्याचं काम. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर लिहिलं होतं की आमच्या मॉडेलमध्ये दीर्घ वापरानंतर वेग मंदावण्याचा दोष आहे आणि नव्या फर्मवेअरमध्ये तो दुरुस्त केला आहे. मला एवढा आनंद झाला की मी बाबांना हाक मारून ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्टीकडे ते धरणाच्या नजरेतून पाहतात. "म्हणजे गाळ साचलाय," ते म्हणाले. "मग काढ की गाळ. त्यात एवढं वाचत काय बसलालीस?"

पण त्याच पानावर खाली लाल अक्षरांत इशारे होते. आधी सगळ्या फाइलींची दुसरीकडे नक्कल करून ठेवा. चार्जर लावलेला ठेवा. अपडेट चालू असताना लॅपटॉप कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका, नाहीतर ड्राइव्ह कायमचा निकामी होऊ शकतो. ते 'कोणत्याही परिस्थितीत' मी दोनदा वाचलं, कारण आमच्या घरात आई आहे आणि आईला बटणं बंद करायची सवय आहे. खोलीतून जाता जाता भिंतीवरचं जे बटण चालू दिसेल ते ती टपकन बंद करते. फोन चार्ज होतोय, राउटर चालू आहे, पाहुणा आंघोळीला गेलाय, तिला फरक पडत नाही. शाळेत दिवे उघडे टाकून जाणाऱ्या पोरांना ती वर्गाबाहेर उभं करायची, ती शिस्त तिच्या बोटांतच बसली आहे.

रविवारी सकाळी मी कामाला लागले. आधी नक्कल. आईचा लॅपटॉप गच्च भरलेला निघाला. नातेवाइकांनी पाठवलेली सुप्रभातची चित्रं, कुणाच्या मुंजीचे तासभराचे व्हिडिओ, एकच पाककृती पाच वेळा उतरवलेली. "हे पुसू?" मी विचारलं. आई चष्मा लावून प्रत्येक चित्र बघायला बसली. तासाभराने ती म्हणाली, "हे गुलाबाचं राहू दे, छान आहे." तिची आवड सांभाळून मी निम्मं सामान बाहेरच्या ड्राइव्हवर हलवलं. मुंजीचे व्हिडिओ गुपचूप उडवले. त्या मुलाचं आता लग्न झालंय.

नंतर चार्जर लावला, आणि बाबांना भिंतीवरच्या त्या बटणापुढे खुर्ची टाकून बसवलं. हातात वर्तमानपत्र दिलं. "आई आली तर उठायचं नाही," मी बजावलं.

"मी धरणफुटीच्या अफवेतसुद्धा जागा सोडली नव्हती," बाबा म्हणाले, आणि पेपर उघडून त्यांनी ते बटण पाठीने पुरतं झाकलं.

मी 'अपडेट' दाबलं. पडदा काळा झाला. एक बारीक रेघ पुढे सरकायला लागली. मी तिच्याकडे बघत होते, आणि रेघ मध्यावर आली असेल नसेल, तेवढ्यात स्वयंपाकघरात आईने खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. गीझर चालूच होता. त्या दोघांचं आमच्या घरात पटत नाही. फट् आवाज झाला, मेन स्विच पडला आणि सगळं घर गप्प झालं.

"आईऽऽ!" मी किंचाळले.

"काय झालं? मी बटणाला नाही हात लावला!" आतून आवाज आला.

लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहिला होता. ती रेघ आपल्या चालीने सरकत होती, जणू गीझर, मिक्सर आणि मी यांच्याशी तिचा काही संबंध नव्हता. बाबा जागचे हलले नव्हते. वीज गेलेल्या बटणाचं ते इमानदारीने रक्षण करत होते. थोड्या वेळाने लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू झाला आणि नवीन फर्मवेअर बसल्याची पाटी झळकली. मी आनंदाने बाबांना मिठी मारली. आईने बाहेर येऊन विचारलं, "झालं का? मग आता मेन चालू करून मी मिक्सर लावू का?"

दुपारी मी चाचणी घेतली. ड्राइव्हचा वेग मोजणारा एक प्रोग्रॅम चालवला. पहिल्या खेपेला आकडे झकास आले. म्हटलं, जिंकलो. मग व्हिडिओ कॉल सुरू करून लॅपटॉप तसाच चालू ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तर वेग निम्म्याच्या खाली. पंख्याची घरघर परत सुरू. माझं डोकंच फिरलं. त्याच प्रोग्रॅममध्ये ड्राइव्हचं तापमानही दिसत होतं, ते बघितलं आणि घाबरून लॅपटॉप उचलला, तर खालून तो तव्यासारखा तापलेला. आणि त्याच्याखाली काय होतं?

खाली होती गोधडी. चौपदरी घडी घातलेली, जुन्या साड्यांची मऊ गोधडी, आणि तिच्यावर नामपल्लीच्या प्रदर्शनात यंदाच घेतलेला क्रोशाचा रुमाल. आमच्या घरात कुठलीही यांत्रिक वस्तू उघड्यावर बसत नाही. फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, मिक्सरला झगा, वॉशिंग मशीनला बिनबाह्यांचा रेनकोट. जानेवारीत थंडी पडली तशी आईने लॅपटॉपलाही अंथरूण घालून दिलं होतं. त्याच्या पोटाखालची हवा येण्याजाण्याची भोकं गोधडीने गच्च बुजली होती. गरम झाला की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो, हे मी दोनच दिवसांपूर्वी वाचलं होतं आणि समोर असून ओळखलं नव्हतं. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, तशी मी अपडेट करत बसले होते.

"आई, ही गोधडी का घातलीस?"

"काचेचं टेबल आहे, गार लागतं."

"कुणाला गार लागतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच निर्दयी आहे. शेवटी ओव्हनबरोबर आलेली आणि कधीच न वापरलेली तारांची जाळी मी टेबलावर ठेवली आणि लॅपटॉप तिच्यावर. गोधडी काढली. क्रोशाचा रुमाल झाकणावर घालायची परवानगी दिली, तीही फक्त लॅपटॉप बंद असताना. पुन्हा मोजलं. संध्याकाळपर्यंत कॉल चालू ठेवून पुन्हापुन्हा मोजलं. वेग तसूभर हलला नाही, पंखा गुमान. खरं सांगते, मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी आईच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी स्टुलावर बसले. वर्ग सुरू झाला. चित्रं टिचकीसरशी उघडत होती. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. मग तिने फळा उचलला आणि एका मुलाला म्हणाली, "हं, तू वाच बघू."

मुलगा थिजला. तोंड अर्धवट उघडं, डोळे ताठ.

"बाळा? ऐकू येतंय का?" आईचा आवाज एकदम उतरला. फळा खाली घेत ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बघ. तू एवढं केलंस, तरी तेच. राहू दे आता."

मी ड्राइव्हचं तापमान बघितलं. थंडगार. नेट बघितलं. उत्तम. मी पुन्हा त्या मुलाकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्याच्या मागून त्याचे आजोबा खांद्यावर टॉवेल टाकून चालत आले. त्यांनी फ्रिज उघडला, बाटली काढली, उभ्या उभ्या पाणी प्यायले, फ्रिज बंद केला आणि टॉवेलने तोंड पुसत निघून गेले. मुलगा पुतळ्यासारखा तसाच. त्याच्या पापण्यासुद्धा लवत नव्हत्या, हे मात्र मानायला हवं.

मला आधी हसू फुटलं. ते दाबायला मी तोंडात पदर कोंबला असता, पण अंगात कुर्ता होता. मग भयंकर राग आला. एवढे दिवस माझी आई स्वतःला म्हातारी म्हणत होती, मी कोठीपर्यंत लॅपटॉप वाहून नेला, फर्मवेअर बदललं, बाबांनी खुर्ची सोडली नाही, आणि ही कार्टी वाचायचं टाळायला पुतळे होऊन बसत होती! लॅपटॉप खरोखर अडकत होता तेव्हा त्यांना ही युक्ती सापडली असणार, आणि मग ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली. त्या दिवशी आणखी दोघं थिजली. एकीच्या मांडीवरच्या मांजराने सावकाश जांभई दिली.

वर्ग संपल्यावर सांगावं की नाही, यावर मी बाबांशी खलबत केलं. बाबांना हसता हसता ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "सांग. न सांगता वर्ग बंद झाला तर तिला वाटेल तीच कमी पडली."

मी सांगितलं. आजोबा, फ्रिज, मांजर, सगळं. आई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिली.

"म्हणजे मशीन ठीक आहे?"

"ठणठणीत."

"आणि मलाही नीट ऐकू येतंय?"

"अगदी नीट. ती वाचतच नाहीत, तर तुला ऐकू कुठून येणार?"

तिने खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "इतकी भीती वाटते होय गं त्यांना? श्वास रोखून बसावं इतकी?" तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, सगळ्यांच्या आयांना आजच फोन करते, एकेकाचा कान उपटायला लावते. तिने मान हलवली. "नक्को. फोन केलास तर भीतीही राहील आणि मुलंही जातील." वर्ग चालू ठेवणार की नाही ते मात्र तिने सांगितलं नाही, आणि विचारायचं धैर्य मला झालं नाही. पाडवा जवळ आला होता.

त्यानंतरचा शनिवार. मी स्टुलावर. आईने फळ्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य लिहिलं: आमच्या घरी आज अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आहे, तुम्ही जेवायला या. तिने फळा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाली, "आज वाक्य जरा मोठं आहे, पण तुम्हाला सगळ्यांना..."

आणि ती थांबली. तोंड अर्धवट उघडं, डोळे ताठ, फळा हवेत.

या वयात माणूस बोलता बोलता असं थांबतं तेव्हा काय झालेलं असतं, ते मला माहीत आहे. मी "आई!" म्हणून उठणार, तोच टेबलाखालून तिच्या पायाच्या अंगठ्याने माझ्या नडगीवर सणसणीत टोला दिला. मी मटकन खाली बसले. बाबा चहाचा कप घेऊन दारातून आत येत होते. मी हाताने खूण केली. धरणावरचा माणूस, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून जागच्या जागी थांबला.

पडद्यावर कुणीतरी म्हणालं, "आजी? ...अरे, आजी अडकल्या."

"हौ. खऱ्याच अडकल्या."

"त्यांचं नेट गेलं वाटतं. आता काय करायचं?"

"नक्को काही करू. बसू दे."

मुलं सैलावली. दोघं क्रिकेटचं बोलायला लागले. एकाने चक्क बिस्किट काढलं. ज्याच्या आजोबांना तहान लागली होती, तो मान डोलावत काहीतरी गुणगुणत होता, पुतळ्यात जीव आल्यासारखा चपळ. आई हलली नाही. आणि मग कोपऱ्यातल्या एका चौकोनातून, जी मुलगी कधीच काही बोलत नसे आणि दर वेळी सगळ्यांत आधी थिजत असे, तिचा अगदी बारीक आवाज आला. ती कुणाला वाचून दाखवत नव्हती. समोर वाक्य होतं आणि कुणी बघत नव्हतं, म्हणून ती आपली आपल्याशी वाचत होती.

"आ... मच्या. आमच्या घरी. आज. अं... बा... अंबाडी. अंबाडीची?" ती थांबली. "अंबाडी म्हणजे? ...अय्यो, गोंगुरा!" ती स्वतःशीच हसली. "अंबाडीची भाजी आणि..."

क्रिकेट बंद झालं. "ज्वारी आहे ते," कुणीतरी सांगितलं. "मला माहीत आहे, नक्को सांगू," ती म्हणाली आणि पुढे गेली. आता आणखी एकाचा आवाज तिच्यामागून यायला लागला, मग तिसऱ्याचा, अडखळत, एकमेकांना दुरुस्त करत.

आईचे हात थरथरायला लागले होते. फळा जड आहे आणि तिचे खांदे सत्तरी ओलांडलेले आहेत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला ती हात खाली घेणार नव्हती, आणि पापणीही मिटणार नव्हती. 'भाकरी'पाशी मुलगी पुन्हा अडखळली. वाक्य अजून संपलं नव्हतं. मी स्टुलावरून उतरले, टेबलाखालून गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेले, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने खालून तिची दोन्ही कोपरं माझ्या तळव्यांवर उचलून धरली.